सहा चाळीसची फेरी

बांबोळीच्या डॉक्टरने चिठ्ठीवर गोळ्या लिहिल्या,
खाली रेघ मारून लिहिलं, ग्रुप शोधा.
कुठे, ते लिहिलं नाही.
जणू ग्रुप म्हणजे हरवलेली छत्री,
कुणाच्या तरी सोप्यावर विसरलेली.

आधी फार्मसीत विचारलं, दबक्या आवाजात,
निरोध मागावा तसं.
मुलगी वर न बघता म्हणाली, स्टॉक नाही.

मग मेहुण्याने म्हापशाचा एक नंबर दिला.
फोन एका म्हातारीने उचलला.
म्हणाली, बाबा, तो गेला रे गेल्या शिगम्याला.
पण पीत नव्हता हां, शेवटची अकरा वर्षं.
रायबंदरच्या शाळेत बघ. बुधवारी, सातला. तिसरीचा वर्ग.
एवढं सांगून तिने फोन ठेवला नाही.
मीही ठेवला नाही.
पलीकडे कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

चैत्र होता. चोडणभर बोंडांचा वास,
भट्ट्या पेटलेल्या, हुर्राक उतरलेला,
श्वास घेतला तरी मोडेल असा पण.
मी फेरीबोटीवरचा खलाशी.
माझ्या नावावर दोन मेमो,
आणि एक स्कूटर, जी साखळी लावायची राहिली म्हणून
थेट मांडवीत गेली.
(पोरगा पोहून वर आला.
मला अजून दिसतो तो, वर यायच्या आधीचा.)

तरी तीन बुधवार घालवले.
इथे नाव न सांगता कुठे जाणार माणूस?
आडनाव काढलं की गाव कळतो,
गाव कळला की देऊळ,
देऊळ कळलं की थोरल्या बहिणीची
मोडलेली सोयरीकसुद्धा.

चौथ्या बुधवारी ड्युटी बदलून घेतली.
सहा चाळीसच्या फेरीत प्रवासी म्हणून चढलो
आणि उभं कुठे राहायचं ते कळेना.
बोटीत नेहमीचीच माणसं :
रोहिदास मास्तर, पिशवीत वर्तमानपत्र;
मासळीबाजारातली इनासियना;
कदंबाचा कंडक्टर दामियांव;
आणि तो हेल्मेट न काढणारा पोरगा.
सात वर्षं ह्यांना दर बुधवारी पलीकडे नेतोय.
वाटायचं, भिशी असेल, नाहीतर तांबोला.
परत येताना हसत असायची,
तेव्हा मी इंजिनवाल्याला डोळा मारायचो :
बघ, ढोसून आली.

रायबंदरला उतरलो. ती पुढे, मी मागे.
बेकरीपाशी वळतील, म्हटलं. वळली नाहीत.
कपेलापाशी तरी वळा. नाहीच.
चढण संपली तिथे शाळेचं फाटक,
आणि मास्तर ते उघडं धरून उभे,
मागे न बघता.

तिसरीचे बाक. गुडघे मावेनात.
फळ्यावर सातचा पाढा, अर्धा पुसलेला.
कुणी दचकलं नाही.
इनासियना म्हणाली, बस मरे.
दोर तू टाकतोस, वास आम्हाला येतो.
मी विचारलं, मग कधी बोलला का नाहीत?
ती दामियांवकडे बघायला लागली.
मास्तरांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला.
म्हणाले, बोट लागेपर्यंत
आम्ही दर वेळी तुझ्या हातांकडेच बघायचो.

माझी पाळी आली. नाव सांगितलं, नुसतं नाव.
पुढचं वाक्य घशापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं.
राहू दे, म्हणाले, पुढच्या बुधवारी.
चहा होता. फार गोड.
हेल्मेटवाल्याने केलेला.
हेल्मेटाखाली एवढे कोवळे कान असतील,
वाटलं नव्हतं.

परतीच्या फेरीवर बदलीचा खलाशी.
चोडणच्या धक्क्याला त्याचा दोर चुकला, पाण्यात पडला.
मी सवयीने पुढे झालो,
ओला दोर ओढून घेतला, पुन्हा फेकला.
हात कापत होता.
लागला खांबाला.

उतरताना दामियांवने विचारलं,
बुधवारची ड्युटी कायमची कोण घेईल?
म्हटलं, बघतो.
रस्त्यात तावेर्नचा दिवा लागलेला होता.
मी दुसऱ्या बाजूने चाललो,
जिथे रस्ताच नाही, मिठागराचा बांध आहे,
आणि चप्पल चिखलात गेली ती गेलीच.